गेमिंगसाठी मॉनिटर: २४ इंची १०८०पी की २७ इंची १४४०पी?

२४ इंची पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल (म्हणजेच १०८०पी) असतील तर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसतात. २७ इंचीवर २५६० × १४४० (म्हणजेच १४४०पी) असतील तर सुमारे १०९, त्यामुळे अक्षरे आणि दूरचे तपशील अधिक रेखीव दिसतात. मात्र ही रेखीवता फुकट मिळत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, सुमारे २०.७ लाखांऐवजी ३६.९ लाख पिक्सेल रंगवावे लागतात आणि कार्ड मध्यम कुवतीचे असेल तर फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या) चांगलाच घसरतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या झटपट नेमबाजीच्या खेळांत संपूर्ण पडदा एका नजरेत मावणे मोलाचे असल्याने तिथे मी २४ इंचीच घेईन. विस्तीर्ण जगात भटकण्याच्या खेळांसाठी, कार्ड झेपणारे असल्यास, २७ इंची. स्वस्त मिळतो म्हणून २७ इंची १०८०पी मात्र घेऊ नये: तिथे घनता दर इंचाला ८२ पिक्सेलवर उतरते आणि जवळून पिक्सेल जाणवू लागतात.