मराठीचा कार्यक्रम: २७ फेब्रुवारी की १ मे?

शाळेतला मराठीचा कार्यक्रम नक्की कधी घ्यावा, असं एका शिक्षक मैत्रिणीने विचारलं.

आधी उगम बघू. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२), म्हणून मराठी भाषा गौरव दिन. १ मे हा मराठी राजभाषा दिन. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. त्यासाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसांनी गोळ्या झेलल्या, हे मुलांना सांगायलाच हवं. फलकांवर मात्र दोन्ही नावांची सर्रास सरमिसळ होते.

सोय? फेब्रुवारीत दहावी-बारावीची धावपळ, पण बाकीचे वर्ग भरलेले. १ मेला झेंडावंदन झालं की मुलं गावाला.

कवितावाचन, ग्रंथदिंडी असेल तर २७ फेब्रुवारीच. सरकारी कारभारातली मराठी, पाट्या, अर्ज यांवर बोलायचं असेल तर १ मे. वाचनालयांना आणि मंडळांना तो जास्त जमेल.