घटस्फोटासाठी कायद्याची मदत: स्वतःचा वकील, दोघांत एक वकील, मोफत विधी सेवा की मध्यस्थी?

घटस्फोटाचा विचार पक्का झाला किंवा समोरच्याची नोटीस हाती पडली, की नातेवाइकांत पहिली चौकशी सुरू होते ती चांगल्या वकिलाची. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी: आपल्या प्रकरणात नेमके कशावर एकमत नाही? दोघांनाही वेगळे व्हायचे असून केवळ पोटगी आणि मुलांचा ताबा ठरायचा आहे, की एका पक्षाला घटस्फोट मान्यच नाही, की घरात मारहाण सुरू आहे आणि आजच संरक्षण हवे आहे, यावर मदतीचा मार्ग ठरतो. खालची तुलना भारतातील कायद्याला आणि प्रामुख्याने हिंदू विवाह कायदा, १९५५ खालील प्रकरणांना धरून आहे.

एकमेकांविरुद्ध दावा लढवायचा असेल, तर स्वतःचा खासगी वकील हा सर्वांत परिचित मार्ग आहे. तो फक्त तुमच्या बाजूने विचार करतो, वकील तुम्ही निवडता आणि न पटल्यास बदलूही शकता, हे त्याचे खरे बळ. समोरचा पक्ष उत्पन्न लपवत असेल, मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर असेल किंवा व्यवसायाचे हिशेब गुंतागुंतीचे असतील, तेव्हा याची गरज अधिक भासते. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले; मात्र त्या प्रतिज्ञापत्रातील विसंगती बँकेची खाती आणि विवरणपत्रे समोर ठेवून दाखवून देण्याचे काम वकिलालाच करावे लागते. उणी बाजू खर्चाची आहे आणि तारखा लांबल्या की तो वाढत जातो. म्हणून फी एकरकमी आहे की प्रत्येक तारखेची, अंतरिम (दावा चालू असताना करायच्या) अर्जांचे पैसे वेगळे आहेत का, अपिलाचे काय, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी ठरवावे. मिळणाऱ्या पोटगीतून टक्केवारी घेण्याचा प्रस्ताव कोणी ठेवल्यास तो नाकारावा. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचे नियम मनाई करतात.

खर्चामुळे हा मार्ग बंद आहे असे मानण्यापूर्वी दोन तरतुदी पाहाव्यात. पहिली हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ ची: स्वतंत्र आणि पुरेसे उत्पन्न नसलेला पती किंवा पत्नी, दावा चालू असताना अंतरिम पोटगीबरोबरच दाव्याचा खर्चही समोरच्याकडून मागू शकते आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली निघावा अशी अपेक्षा कायद्यातच लिहिलेली आहे. दुसरी तरतूद मोफत विधी सेवेची आहे आणि तिच्याबद्दल गैरसमज इतके आहेत की तिथे थोडे थांबायला हवे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी, बऱ्या पगाराची स्त्रीही यात बसते. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्न न पाहता हा हक्क मिळतो. इतर बहुतेक पुरुषांसाठी मात्र ठरवून दिलेल्या उत्पन्नमर्यादेची अट लागते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो आणि १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर माहिती मिळते. नेमून दिलेल्या पॅनेल वकिलाला पक्षकाराकडून कोणतीही रक्कम घेण्यास मनाई आहे, तेव्हा ‘टायपिंगचे’, ‘साहेबांचे’ म्हणून पैसे मागितले गेले तर प्राधिकरणाकडे तक्रार करावी. अडचण अशी, की वकील तुमच्या पसंतीचा असेलच असे नाही आणि त्याच्यावर इतर कामांचा बोजा असू शकतो. पण फुकट म्हणजे हलके, हा समज मला अन्यायाचा वाटतो. अंतरिम पोटगी, मुलांचा ताबा, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ही कामे या वकिलांच्या नेहमीच्या हाताखालची असतात. वकील लक्ष देत नसल्यास बदलून मागण्याचा अर्ज करता येतो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांनी मिळून एकच वकील करण्याची पद्धत सर्रास दिसते. किमान एक वर्ष वेगळे राहिलेल्या जोडप्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली एकत्र अर्ज करता येतो. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा न्यायालयासमोर संमती सांगायची असते. सहा महिन्यांची ही मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मुले नाहीत, दोघेही कमावते आहेत, मालमत्ता वेगवेगळी आहे, अशा जोडप्याला एक वकील पुरतो आणि पैसेही वाचतात. परंतु घरातील सगळा आर्थिक व्यवहार एकाच्याच हाती राहिला असेल, तर हा मार्ग मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो वकील बहुतेक वेळा त्याच व्यक्तीने शोधलेला असतो. शिवाय हुकूमनामा (न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत संमती मागे घेता येते, आणि तसे झाले की दोघांचे कागद तयार केलेला वकील एकाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध उभा राहू शकत नाही. दोघांनाही नव्याने सुरुवात करावी लागते.

यावर मध्यम मार्ग आहे. अर्ज एकाच वकिलाने तयार करावा, मात्र सही करण्यापूर्वी प्रत्येकाने संमतीच्या अटींचा मसुदा स्वतःच्या वेगळ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्यावा. ‘मुलांच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील’ हे वाक्य मसुद्यात अनेकदा असते आणि वाचायला पुरेसे वाटते. यात शाळेची फी आहे, पण शिकवणीची आहे का? पदवीपर्यंत की अठराव्या वर्षापर्यंत? रक्कम शाळेत भरायची की आईच्या खात्यात, आणि कोणत्या तारखेपर्यंत? चार वर्षांनी वाद उभा राहतो तो इथेच, आणि संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येत नाही.

मध्यस्थी हा वकिलाला पर्याय आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती त्याला पूरक आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ न्यायालयावरच समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतो, त्यामुळे समुपदेशक किंवा मध्यस्थाकडे तुम्हाला बहुधा पाठवले जाईलच. तिथे झालेले बोलणे गोपनीय राहते. मध्यस्थ निर्णय देत नाही आणि कोणाच्या बाजूने कायदेशीर सल्लाही देत नाही, म्हणून आपला हक्क किती आहे हे न समजता तिथे बसणारा माणूस कमी घेऊन उठण्याची शक्यता असते. मुलांच्या भेटीगाठी, सुट्ट्या, सणवार या बाबतींत मात्र न्यायालयाच्या आदेशापेक्षा मध्यस्थीत ठरलेली व्यवस्था अधिक बारकाईची होऊ शकते. मारहाण किंवा धमक्या असतील, तर समोरासमोर बसण्याची घाई करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत आधी अर्ज करावा.

राहिला स्वतःच बाजू मांडण्याचा मार्ग. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि तीही बहुधा मिळते. साध्या संमतीच्या प्रकरणात पक्षकार स्वतः उभे राहू शकतात. विरोधाच्या दाव्यात मी हे सुचवणार नाही, कारण कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, वेळेत दाखल झाली नाही किंवा तारखेला गैरहजेरी लागली तर प्रकरण एकतर्फी चालू शकते.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी पहिल्या भेटीला विवाह नोंदणीचा दाखला, दोघांच्या उत्पन्नाचे उपलब्ध पुरावे, आलेल्या नोटिसा आणि तारीखवार घटनांचा दोन पानी गोषवारा बरोबर न्यावा, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवावी.