पत्राद्वारे बायबल अभ्यासक्रम: आठ महिन्यांनंतर

काल बाराव्या धड्याची उत्तरपत्रिका टपालात टाकली. आठ महिन्यांपूर्वी नाव नोंदवलं तेव्हा हा अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेईन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. विषय होता योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा सांगणारं बायबलमधलं एक पुस्तक. शिक्षण मोफत होतं आणि सगळा व्यवहार कागदावर.

त्याआधी दोनदा मी आपणहून बायबल वाचायला घेतलं होतं. पहिलं पुस्तक उत्पत्ती सरसर वाचून झालं, दुसरं निर्गम अर्ध्यापर्यंत छान गेलं. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं आली, पाठोपाठ लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले यज्ञांचे नियम आले, आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. मी ख्रिस्ती घरातली नाही, त्यामुळे अडलं तर विचारायचं कुणाला हाही प्रश्न होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी आहे. वाचतोस ते तुला समजतं का, असं येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला विचारतो, तर तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? माझी गत तीच होती.

कामाची पद्धत सोपी आहे. एका वेळी दोन धडे येतात, म्हणजे एक तपासायला गेला की दुसरा हातात राहतो. आधी नेमलेला भाग वाचायचा, मग त्यावरचं विवेचन, मग प्रश्न: रिकाम्या जागा, जोड्या लावा, चूक की बरोबर. हे प्रश्न फार सोपे आहेत, आणि अभ्यासक्रमाची ही खरी उणीव आहे. विवेचनातलं वाक्य शोधायचं, शब्द उतरवायचा, पैकीच्या पैकी गुण. काहीही न समजता प्रमाणपत्र मिळवता येईल. पण पानाच्या तळाशी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ अशी चार ओळींची मोकळी जागा असते. माझं शिक्षण झालं ते त्या चार ओळींत.

तिसऱ्या धड्यात निकदेम येतो, परूशी या कडक नियम पाळणाऱ्या यहूदी पंथातला एक पुढारी. प्रश्न होता, तो येशूकडे केव्हा आला? ‘रात्री’ असं लिहून मोकळी झाले. मग खाली लिहिलं, ‘या माणसाचं पुढे काय झालं? बोलणं मध्येच तुटल्यासारखं वाटतं.’ तीन आठवड्यांनी कागद परत आला. निळ्या शाईत, जरा तिरप्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: ‘प्रिय ताई, 7:50 वाचा. नंतर 19:39. मग मला लिहा.’

वाचलं. सातव्या अध्यायात तो आपल्याच परूशी मंडळींत उभा राहून विचारतो, की माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? त्यावर त्याला टोमणा बसतो, तूही येशूसारखा गालील प्रांताचाच का? एकोणिसाव्या अध्यायात येशूला वधस्तंभावरून उतरवल्यावर तो अरिमथाई गावच्या योसेफ नावाच्या शिष्याबरोबर येतो, गंधरस आणि अगरू यांचं भलंमोठं मिश्रण घेऊन. योहान तिथेही आठवण करून देतो की हा तोच, पूर्वी रात्री आलेला. त्या संध्याकाळी मी तिन्ही जागांवर बोटं ठेवून पानं मागेपुढे उलटत बसले होते. तपासनिसांना उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. त्यांनी ते मला शोधायला लावलं, म्हणून ते आजही माझं आहे.

नवव्या अध्यायाला मात्र ठेच लागली. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. हा प्रश्न आमच्या आईला लोकांनी किती प्रकारे विचारलाय ते मला ठाऊक आहे. चार ओळी पुरल्या नाहीत, मी वेगळा कागद जोडला. उत्तर म्हणून आलं एक छापील पत्रक, ‘विश्वासाने बरे व्हा’ अशा मथळ्याचं. खूप वाईट वाटलं. हा धडा दुसऱ्याच कुणीतरी तपासला होता, शेरा नव्हता, नुसत्या बरोबरच्या खुणा. महिनाभर मी काहीच पाठवलं नाही.

मग तसंच स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं ते पुन्हा निळ्या शाईत, दोन पानं. आधी क्षमा मागितली होती. पुढे लिहिलं होतं की असं का घडतं हे मलाही माहीत नाही, पण येशू पहिल्याच वाक्यात त्या माणसावरचा आणि आईबापांवरचा दोष काढून टाकतो, ते वाक्य आईला वाचून दाखवा. मी दाखवलं. तिने ते मला दोनदा वाचायला सांगितलं.

हे सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश पसरवण्याचं, काम आहे, निव्वळ अभ्यास नव्हे, आणि अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही. दर धड्याच्या शेवटी तुम्ही येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं आहे का, असा प्रश्न आणि हो-नाहीच्या चौकटी असतात. त्याला गुण नाहीत. मी सुरुवातीला त्या कोऱ्या सोडत होते. दुसऱ्या धड्यावर शेजारी लिहून आलं, ‘घाई नाही.’ नंतर कधी आग्रह झाला नाही. ज्यांना असा प्रश्न विचारलेलाच नको असेल त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

टपालाने शिकवणं तसं जुनं. 1840 मध्ये इंग्लंडात एक पेनीत पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखन टपालाने शिकवायला घेतलं. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटने 1901 मध्ये बायबलचं शिक्षण पत्राद्वारे सुरू केलं. पण मला तर वाटतं ही रीत नव्या करारातच, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागातच आहे. त्याच्या 27 पुस्तकांपैकी 21 पत्रंच आहेत. कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौल सांगतो, हे पत्र वाचून झालं की शेजारच्या लावदिकीयातल्या मंडळीतही वाचलं जाऊ द्या. फिलेमोन नावाच्या सहकाऱ्याला तो बंदिवासातून लिहितो. आजही असे धडे तुरुंगांत जातात, जिथे फोन पोचत नाही पण कागद पोचतो.

घेणार असाल तर उत्तरपत्रिकेचा फोटो काढून ठेवा. माझा सहावा धडा वाटेत हरवला, सगळा पुन्हा लिहावा लागला. पत्ता पिनकोडसह ठळक लिहा. आठवड्याला एक धडा उरकायचा असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, पाकीट यायला-जायला वेळ लागतो. आणि ती मोकळी जागा कधीही कोरी सोडू नका.

पुढचा अभ्यासक्रम म्हणून मी पौलाची पत्रं मागवली आहेत. कालच्या उत्तरपत्रिकेवर शेवटच्या प्रश्नाच्या चौकटी मी याही वेळी मोकळ्याच ठेवल्या, पण शेजारी लिहिलं, ‘निकदेम सातव्या अध्यायात होता, तिथवर आले आहे.’