मायाळू आणि अंजीर: वीस महिने वाढवल्यावर

माझ्या बागेत दिवसभर ऊन मिळणारी जागा एकच आहे, दोन मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर रुंद. तिथे पालेभाजी लावावी की एखादं लहान फळझाड, हे काही केल्या ठरेना, म्हणून मी दोन्ही लावलं. मागे ताटी उभी करून मायाळूचा वेल सोडला आणि त्याच्यापुढे दोन हातांवर वर्षभराचं अंजिराचं रोप लावलं. त्याला आता वीस महिने झाले. दोन्ही झाडं माझ्याकडे अजून आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण ती आता एका मातीत नाहीत. तसं का झालं, तेच मुख्यतः सांगायचं आहे, कारण "कोणतं लावू?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्पन्नाचा हिशेब मिळतो आणि खरा फरक बाजूलाच राहतो.

आधी मायाळू. नावापुढे कुणी पालक जोडतं, पण पालकाशी तिचं जवळचं नातं नाही. तिचं कुळच वेगळं आहे आणि स्वभाव तर उलटा. पालक ऊन वाढलं की तुरा काढून मोकळा होतो. मायाळूला खरा जोम येतो तो उष्म्यातच. बी कठीण असतं. रात्रभर पाण्यात भिजवूनही मला उगवायला दोन आठवडे लागले, आणि उगवल्यावरही पहिला महिना ती रोपं तशीच बसून होती. सुरुवातीच्या थंड रात्री त्यांना मानवल्या नव्हत्या. उकाडा सुरू झाला आणि वेलाने आठवडाभरात ताटीचा पहिला आडवा बांबू गाठला. पुढचा हंगाम मी सुरीच हातात घेऊन फिरत होते असं म्हटलं तरी चालेल.

मायाळू खुडल्याशिवाय चांगली होत नाही, हे मला पहिल्या दोन महिन्यांत कळलं. एका वेलाचा शेंडा मी हळहळून ठेवला होता, सरळ वर जाऊ दिला. तो उंच गेला, पण खाली नुसता दांडा आणि वर चार पानं. शेजारचा वेल तीन पेरांवर खुडला, त्याला दोन फांद्या फुटल्या, त्या खुडल्या तर चार. महिन्याभरात तो गच्च भरला. तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी वीतभर कोवळे शेंडे काढायचे हा क्रम मी मोडला नाही. मोडला की ताबडतोब दिसतं: पानं जाड होतात, दांडा निबर होतो.

आणि काढलेला शेंडा वाया जात नाही. खालचं एखादं पेर जमिनीत पुरलं तर आठवड्या-दीड आठवड्यात मुळं धरतं. बियाण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा. आता मी बी पेरतच नाही, जाड दांड्याचे तुकडे लावते.

तोटेही सांगते. पानात बुळबुळीतपणा आहे आणि तो शिजवल्यावर वाढतो. ज्यांना तो आवडत नाही त्यांनी केवळ झाड सोपं आहे म्हणून ते लावू नये. ऑक्सलेटचं प्रमाणही आहे, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज खायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. ओल सतत राहिली तर पानांवर लालसर कडेचे गोल ठिपके पडतात. माझ्याकडे ते आले ते वरून पाणी शिंपडण्याच्या सवयीमुळे. बुंध्याशी पाणी द्यायला लागल्यावर आणि ठिपक्यांची पानं रोजच्या रोज तोडल्यावर नव्या पानांवर ते फारसे दिसले नाहीत. दिवस लहान होऊ लागले की वेल फुलावर येतो. गुलाबी-पांढरी बारीक फुलं, मग काळी-जांभळी फळं. ती चिरडली तर बोटं दोन दिवस जांभळी राहतात. फळं दिसायला लागली की पानं लहान होत जातात, आणि कडाक्याची थंडी पडली की वेल एका रात्रीत काळा पडून बसतो. माझा पहिला वेल तसाच गेला.

आता अंजीर, आणि इथे मला सावकाश लिहायचं आहे, कारण चूक इथे झाली.

पहिल्या हंगामात माझं अंजिराचं रोप बघणाऱ्याला वाटलं असतं की हे फार सुखात आहे. तळहाताहून मोठी पानं, गडद हिरवी. सहा महिन्यांत ते माझ्या खांद्याला लागलं. फळ मात्र एकही नाही. मी वाट पाहिली, "पहिलंच वर्ष आहे" असं स्वतःला सांगितलं. पण वाफ्यात मी काय करत होते? मायाळूला पाणी हवं म्हणून रोज पाणी, मायाळूला पानं काढल्यावर पुन्हा फुटायला नत्र हवं म्हणून दर पंधरवड्याला शेणखताचं पातळ पाणी. अंजिराची मुळं तिथेच होती. त्यालाही तेच मिळत होतं आणि त्यानेही त्याची पानंच केली. नत्र जास्त झालं की अंजीर लाकूड आणि पाला वाढवत सुटतं, फळाला उशीर करतं. मायाळूला जो खुराक अमृत, तोच अंजिराला जड. दोघांची भूकच वेगळी आहे, हे मी एकाच वाफ्यात लावताना विचारात घेतलं नव्हतं.

थंडीत मायाळू मेल्यावर तिची मुळं उपटली तेव्हा दुसरी गोष्ट समोर आली. मुळांवर बारीक-मोठ्या गाठी. सूत्रकृमी. उघड्या डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मुळांत शिरतात आणि तिथे गाठी होतात. झाडाला पाणी आणि अन्न नीट ओढता येत नाही. मायाळू त्यांना लवकर बळी पडते, आणि अंजीरही. पालेभाज्या आणि फळझाडं शेजारी लावताना लोक सावलीचा विचार करतात, मुळांच्या या सामायिक शत्रूचा करत नाहीत. मीही केला नव्हता. कुणी मला ही दोन झाडं एकत्र लावण्याबद्दल विचारलं तर नकाराचं माझं पहिलं कारण हेच असतं, नत्राचं दुसरं.

अंजिराने तेव्हा सगळी पानं टाकली होती आणि ते झोपेत होतं. तीच वेळ योग्य होती. खणून काढलं. त्याच्या मुळांवर गाठी होत्या, पण थोड्या. गाठींची मुळं कापली, उरलेली धुतली आणि पंचेचाळीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत नव्या मातीत लावलं. धुतल्याने सगळे कृमी जातात असं नाही, म्हणून एक खबरदारी घेतली: जमिनीपासून उंचावरच्या फांद्यांचे, पेन्सिलीहून थोडे जाड, वीतभर लांबीचे पाच तुकडे काढून वेगळ्या कुंडीत लावले. हे कृमी मुळांतून पसरतात. वरच्या फांदीत ते नसतात. पाचांपैकी चारांना सव्वा महिन्यात मुळं फुटली.

त्या चार काड्यांवर पहिलं पान उलगडलं तेव्हा मला गिलगालची गोष्ट आठवली. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या या ठिकाणी सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली. २००६ मध्ये संशोधकांनी मांडलं की ती परागीकरणाशिवाय धरलेल्या प्रकारची आहेत, त्यांच्या बियांतून नवं झाड होणं शक्य नव्हतं, म्हणजे माणसांनीच फांद्या लावून ते झाड टिकवलं असणार. सगळ्या अभ्यासकांना हा निष्कर्ष मान्य नाही. पण फांदी खोचली आणि झाड झालं, हे अंजिराच्या बाबतीत किती सहज घडतं ते स्वतः केल्यावर त्या कल्पनेचं मला नवल वाटेनासं झालं.

आपण बागेत लावतो ती साधारणपणे परागीकरणाशिवाय फळ धरणारी जात असते. रोप घेताना हे नक्की विचारा. काही जातींना फळ पक्व होण्यासाठी एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी लागते; ती तुमच्या भागात नसेल तर कोवळी फळं गळून पडतात आणि तुम्ही खत-पाण्याला दोष देत बसता.

कुंडीतला दुसरा हंगाम अगदी वेगळा गेला. मुळांना मर्यादा पडली, पाणी वरची माती बोटभर सुकल्यावरच, खत वसंतात एकदा कंपोस्ट आणि बस. नव्या फांदीवर सहा पानं झाली की शेंडा मोडायचा. पानांच्या बगलेत हिरवे मणी दिसले तेव्हा मी ते मोजले: सव्वीस. मग आली ती सगळ्यात कठीण वेळ. अंजीर पहिल्यांदा भराभर वाढतं, मग थांबतं. आठवड्यांवर आठवडे रोज बघावं आणि फळ आहे तेवढंच, कडक, हिरवं. नवा माणूस इथे घाबरतो आणि काहीतरी करायला जातो: जास्त पाणी, जास्त खत. करू नका. हा थांबा त्या फळाच्या वाढीचाच भाग आहे. शेवटच्या काही दिवसांत ते अचानक फुगतं, रंग बदलतं, मऊ होतं.

तोडायची वेळ चुकवू नका, कारण कच्चं तोडलेलं अंजीर घरी ठेवून नीट गोड होत नाही. देठाची मान लवली, फळ झुकलं, सालीवर बारीक चिरा आल्या, तळाच्या छिद्राशी मधासारखा थेंब दिसला की काढायचं. देठातून पांढरा चीक आला तर घाई झाली असं समजा. हा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर जळल्यासारखे डाग उठतात. माझ्या मनगटावरचा एक डाग दोन महिने राहिला. छाटणी हातमोजे घालून आणि ऊन उतरल्यावरच करते आता.

सव्वीसपैकी एकोणीस माझ्या हाती आली. चार पक्ष्यांनी नेली, त्यानंतर मी प्रत्येक फळावर पातळ कापडाची पिशवी बांधली. तीन फुटली, कारण कोरड्या आठवड्यानंतर मी एकदम भरपूर पाणी दिलं होतं. हंगामाच्या शेवटी पानांच्या मागे तांबेरा आला, पिवळट-तपकिरी पूड हाताला लागते तसा. पानं लवकर गळली. मी ती वेचून बागेबाहेर टाकली, कंपोस्टमध्ये घातली नाहीत.

एकोणीस फळं म्हटल्यावर कुणाला वाटेल, एवढ्यासाठी वीस महिने? मायाळूने तेवढ्या काळात टोपल्या भरून दिलं, हे खरंच. पण मायाळूने मला चार दिवस बाहेर राहू दिलं नाही. परत आले की निबर झालेली, सुकलेली, नाहीतर ताटी सोडून अंजिरावर चढलेली. अंजिराला मोठ्या कुंडीत, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घालून, मी थंड दिवसांत आठवडाभर सोडून गेले आहे. रोज दहा मिनिटं बागेत जाणारा माणूस असेल तर मी मायाळूच सांगेन, तेही पहिल्याच वर्षी, कारण दोन-अडीच महिन्यांत हातात काहीतरी येतं आणि उत्साह टिकतो. ज्याला रोज जमत नाही, पण वर्षातून एकदा नीट छाटणी करायची आणि नंतर हात आवरायची तयारी आहे, त्याने अंजीर लावावं. जागा घरची नसेल तर तेही कुंडीतच, घर बदलताना सोबत नेता येतं.

जुना वाफा मी या उन्हाळ्यात रिकामा ठेवला. माती भिजवून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकली आणि सहा आठवडे कडक उन्हात तापवली. नंतर तिथे झेंडू दाट लावला, तो अजून फुलतो आहे. मायाळू सध्या वेगळ्या लांबट कुंडीत आहे, तिची ताटी भिंतीला टेकवून. अंजिराची पानं पुन्हा गळायला लागली आहेत. शेवटचं पान पडलं की मी ते कुंडीतून काढून मुळांचा गड्डा बघणार आहे. कडेची तिसऱ्या हिश्शाएवढी मुळं कापून नवी माती भरायची आहेच, पण आधी गाठी दिसतात का ते पाहायचं आहे. दिसल्या तर हे झाड जाईल आणि त्याच्या जागी त्या चार काड्यांपैकी सगळ्यात सरळ वाढलेली येईल.