घोडबंदरचा टॉवर की नौपाड्यातली जुनी बिल्डिंग? (फक्त उकाड्याच्या हिशोबाने)

बहिणीला ठाण्यात टू बीएचके घ्यायचाय, दोन फ्लॅट उरलेत, एक घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर नि दुसरा नौपाड्यात तीन मजली बिल्डिंगमधला दुसऱ्यावर. लिफ्ट, पार्किंग, खाडीचा व्ह्यू, सगळ्यात टॉवर पुढे, त्यात वादच नाही. मी फक्त घर किती तापतं ते बघायला गेलो, खिशात उदबत्ती घेऊन.

नौपाड्यात तीन बाजूंना खिडक्या, दोन्ही झडपा पूर्ण उघडणाऱ्या, वर छज्जा, भिंती नऊ इंची विटांच्या. किचनमध्ये उदबत्ती लावली तर धूर सरळ हॉलच्या बाल्कनीतून बाहेर. टॉवरमध्ये मेन दार बंद लॉबीत उघडतं, खिडक्या सगळ्या पश्चिमेला आणि त्याही स्लायडिंग, म्हणजे दिसायला केवढीही मोठी असली तरी उघडणार अर्धीच. धूर तिथल्या तिथे घुटमळत बसला. वर वारा भरपूर असतो हो, पण आत आलेला वारा बाहेर पडणार कुठून?

भिंती मायवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेलं काँक्रीट, ते विटेपेक्षा लवकर ऊन आत घेतं. रात्री साडेनऊला बेडरूमच्या भिंतीला हात लावला, चांगली गरम होती! नुसता छज्जा असता तरी फार फरक नसता पडला, चारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला काचेच्या बाहेरून बांबूची चिक लागते, आतला पडदा लावेपर्यंत उष्णता घरात आलेली असते. आणि बाहेर काही लावायला सोसायटी परवानगी देत नाही म्हणे.

एक मित्र म्हणाला, वाड्यासारख्या जाड मातीच्या भिंती पाहिजेत. अरे, त्या देशावर ठीक, तिकडे रात्र गार होते म्हणून दिवसभर तापलेली भिंत निवते. आपल्याकडे रात्रीही घामच, इथे कोकणातल्या घराचं बघायचं, पडवीची सावली, उतरती कौलं नि आरपार वारा. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात अशीच कौलारू घरं अंगणाभोवती बांधली, त्यातली बरीच पाडून लोकांनी आता स्लॅबची केलीत.

बहिणीची सासू दिवसभर घरी असते आणि तिला एसी सोसत नाही, म्हणून माझं मत नौपाडा. दोघं नोकरीवाले असतील तर टॉवरच घ्या, पण कोपऱ्यातला फ्लॅट, दोन बाजूंना खिडक्या असलेला. बाकी नौपाड्यात रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, ते झालं की तिथेही मायवानच.