ब्लॉक्ड अकाउंट : माल चांगला, वाहतूक महाग

ब्लॉक्ड अकाउंट ही चीज मला आवडली, हे आधीच सांगून टाकतो. पाचपैकी चार तारे. कापलेला एक कशाचा ते पुढं येईल.

पोरगी एम.एस.साठी जर्मनीत केमनिट्झला गेली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण वर्षभराचा खाण्या-राहण्याचा खर्च व्हिसाच्या आधीच दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे, त्याआधी ११,२०८ होता. पैसे तिच्याच नावाच्या बंद खात्यात भरायचे, ती तिकडं पोचली की दरमहा ९९२ युरो सुटतात. पाहुण्यांकडून हातउसने घेऊन पासबुकात महिनाभर फिरवायची आपल्याकडची युक्ती इथं कामाची नाही. मला तेच पटलं. पैसा खरा आहे, पोरीचा आहे आणि मधल्या कुणाच्या हाताला लागत नाही. खातं तिनं सेलूत दुकानाच्या काउंटरवर बसून मोबाईलवर उघडलं. पासपोर्ट आणि प्रवेशाचं पत्र, बास.

आता वाहतूक. माझं कृषी सेवा केंद्र आहे. प्रवेशाचं पत्र आलं जूनमध्ये, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. सगळं भांडवल सोयाबीनच्या बियाण्यात आणि खतात अडकलेलं. २०२५ च्या त्या उन्हाळ्यानंतर युरो शंभरीच्या पुढं गेला होता, म्हणजे रक्कम बारा लाखांच्या आसपास. कशी उभी केली ते जाऊ द्या.

ज्या बँकेत माझं वर्षानुवर्षं चालू खातं आहे (नाव घेत नाही, साहेबलोक रोज दुकानापुढून जातात), तिथं परदेशी पैसे पाठवायचं काम होतच नाही. अर्ज इथं घेतात, फाईल मोठ्या शाखेत जाते, आणि फाईल उघडेल त्या दिवसाचा भाव लागतो. "साहेब, आजचा भाव धरा ना," म्हटलं तर साहेब म्हणाले, "शेठ, ते आमच्या हातात नसतंय." बरं, भाव तरी कोणता? मोबाईलवर दिसतो तो वेगळा, बँकेचा विकायचा वेगळा. मोंढ्यात हमाली, तोलाई पट्टीवर वेगळी लिहून येते, इथं बँकेची निम्मी कमाई भावाच्याच पोटात घातलेली असते. वर पाठवणी खर्च आणि जीएसटी. म्हणून दोन-तीन बँकांना एकच प्रश्न विचारा : एवढे युरो तिकडं पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? लेखी घ्या.

ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) दोन रकाने नीट बघा. पहिला, पैसे कशासाठी. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) नाही. त्याच्या वर, शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून पाठवलं तर वरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये ५ टक्के होता, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर काहीच नाही. पण बाबूनं शिक्षण सोडून दुसराच कोड टाकला तर थेट २० टक्के. आमच्या वेळी वरच्या दोन लाखांवर दहा हजार की चाळीस हजार, एवढा फरक एका कोडचा होता. हा पैसा बुडत नाही, पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं आणि ज्यानं रिटर्न कधी भरलंच नाही, त्यालाही त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. हे आमच्या शाखेत कुणी सांगितलं नाही, माझ्या सीएनं सांगितलं.

दुसरा रकाना, मधल्या बँकांचा खर्च कुणी सोसायचा. तो पाठवणाऱ्यानंच घ्यायचा, नाहीतर वाटेत कापाकापी होते आणि रक्कम थोडी जरी कमी पोचली तरी व्हिसाला लागणारा दाखला अडतो. आम्ही वर थोडे जास्तीचे युरो पाठवले होते. दाखला ईमेलवर आला.

छत्रपती संभाजीनगरात एका कन्सल्टन्सीनं "सगळं आमच्याकडं लागलं" म्हणून पॅकेज सांगितलं होतं. त्यात काय काय येतं विचारलं, तर निसते फॉर्म भरायचे. एपीएसचे (आपल्याकडच्या पदवीची जर्मन पडताळणी) १८,००० रुपये आणि व्हिसाचे ७५ युरो शिवाय वेगळेच. व्हिसासाठी मुंबईला तर पोरीलाच जावं लागणार, तिच्या बोटांचे ठसे एजंट थोडेच देणार? नाही म्हणून सांगितलं.

कापलेला तारा तिकडचा. हे खातं नेमकं गरजेच्या वेळी कुलूपबंद असतं. दरमहाचे पैसे सुटायला तिथलं चालू खातं लागतं, आणि आमच्या वेळी पत्त्याच्या नोंदणीचा कागदही मागितला. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती नोंदणी करायची असा नियम, त्याला घरमालकाची सही हवी, आणि कचेरीची वेळ लवकर मिळत नाही. एका बँकेनं राहण्याचा परवाना अजून हातात नाही म्हणून तिला परत पाठवलं. मग लातूरच्या एका सीनियर पोरानं सांगितलं, "ताई, बाझिसकोंटो मागा." २०१६ पासून तिथं कायदाच आहे, रीतसर राहणाऱ्या कुणालाही बँकेनं साधं खातं द्यायचं. दुसऱ्या बँकेत ते मिळालं. त्याच पोरानं पहिल्या दिवशी पत्रपेटीवर तिचं नाव चिकटवायला लावलं, कारण पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कार्ड एका पाकिटातून, पिन दुसऱ्या पाकिटातून येतो.

ह्या सगळ्यात महिना सहज जातो. तोवर भाडं द्यायचंच, आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं. तेव्हा बंद खात्याशिवाय वेगळे पैसे फॉरेक्स कार्डावर देऊनच लेकरू विमानात बसवा.

परवाना वाढवायच्या वेळी पुन्हा पैसे दाखवावे लागतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, ती म्हणते, "पप्पा, तुम्ही नका पाठवू, मी बघते." मी तरी खरिपाची उधारी वसूल झाली की थोडे बाजूला काढून ठेवणार आहे, आणि ह्या वेळी दुसऱ्या बँकेतून पाठवणार. आमच्या शाखेला दोन तारे, तेही शिपाईभाऊंच्या चहासाठी.