विंचवाचं बिऱ्हाड: जुन्या अबार्थ पुंटोचा एकोणतीस महिन्यांचा हिशेब

गाडी दारात उभी राहिली तेव्हा अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला पायानं ढोसलं आणि विचारलं, "पट्टा कधी बदललाय?"

"पट्टा नाही अण्णा, चेन आहे म्हणला तो."

"कोण?"

"ज्याच्याकडून घेतली तो."

"त्याला इकायची व्हती. तू कामून ऐकलं?"

अण्णा एसटीच्या परभणीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मी मानवतला कृषी सेवा केंद्र चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं. इंजिनातलं मला तेवढंच कळतं जेवढं गिऱ्हाइकाच्या फवारणीच्या एचटीपी पंपातलं कळतं. पण गाडीचं वेड जुनं, आणि सोयाबीनचा एक हंगाम बरा गेला तेव्हा डोक्यात खूळ शिरलं. औरंगाबादकरांनी २०१० च्या ऑक्टोबरात एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींचा सौदा. मानवतचा माणूस घेतो तेव्हा एकच घेतो, आणि तीही पुण्यातून, वापरलेली.

गाडी म्हणजे २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो. पांढरी, लाल आरसे, लाल पट्टे, नाकावर विंचवाचा बिल्ला. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "तमाशाच्या फडाची गाडी दिसायली." दोन दारांची नाही म्हणून हिला स्पोर्ट्स कार म्हणू नका, असं सांगणारे भेटतील. त्यांना मी किल्ली देतो आणि पाथरीपर्यंत जाऊन या म्हणतो. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ ला आली तेव्हा एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार होती. मला ती ६१ हजार किलोमीटर चाललेली, ५ लाख ४० हजारांना मिळाली. वर 'किरकोळ खर्च' म्हणून ६० हजार बाजूला ठेवले होते. त्या किरकोळ शब्दावर अण्णा आजही हसतात.

आधी चेनचं सांगतो, कारण इथं भलेभले फसतात. फियाट म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकच्या डोळ्यासमोर १.३ मल्टीजेट डिझेल येतं. ते इंजिन स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या गाड्यांत होतं, झोपेत खोलतील असे कारागीर तालुक्याला सापडतात. आणि त्या डिझेलला खरंच चेन आहे. अबार्थमध्ये आहे ते टी-जेट पेट्रोल. त्याला रबरी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा. पट्टा नुसता किलोमीटरनं म्हातारा होत नाही, वर्षांनीही होतो, आणि परभणीच्या उन्हात तर होतोच. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. आमचा मे महिना इटलीवाल्यांनी कधी हिशेबात धरला असेल असं मला वाटत नाही. चालत्या गाडीत पट्टा तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं. म्हणजे वीस हजारांचं काम लाखाच्या घरात.

अण्णांनी कव्हर उघडून बॅटरीचा उजेड मारला. पट्ट्याच्या कडेला बारीक भेगा. ते काही बोलले नाहीत, किल्ली खिशात घातली आणि चार दिवस गाडी हलू दिली नाही.

मग मी दुसरी चूक केली. पुण्याला परत कोण नेणार म्हणून जवळच्या शहरातल्या एका गॅरेजला गाडी दिली. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप असा सगळा संच बदलला, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि मजुरी एकदाच लागते. साडेएकवीस हजार. इथपर्यंत बरोबर. पण या इंजिनाचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, जागेवर धरून ठेवायला वेगळी लॉक टूल लागतात. त्यांच्याकडे ती नव्हती. त्यांनी व्हाइटनरनं खुणा केल्या आणि अंदाजे बसवलं. गाडी सुरू झाली, पण सिग्नलला उभी राहिली की थंडीत कुडकुडल्यासारखी थरथरायची. अण्णांनी पाच मिनिटं कान लावला. "पट्ट्याचा दात हुकलाय," म्हणाले. शेवटी पुण्याला जावंच लागलं. तिथं फक्त फियाटचीच कामं करणारा एक कारागीर आहे. त्यानं ९ हजार मजुरी घेऊन पुन्हा सगळं नीट लावलं. लॅपटॉपवर मल्टी ईसीयू स्कॅन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर लावून आत साठलेल्या चुका दाखवल्या, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. पिशवी परत देणारा मेकॅनिक भेटला की त्याचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा.

आता पहिल्या महिन्याचं बिल. पट्ट्याचं सांगितलं. ऑइल आणि फिल्टर ६,८००. टर्बोला सिंथेटिकच लागतं, त्यात काटकसर नाही. स्पार्क प्लग ३,२००. कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल मिळून ५,४००. बॅटरी ६,२००. आणि टायर. विकणाऱ्यानं टायर काळेभोर चमकवून ठेवले होते, नक्षीही बरी होती. मी खूश. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण तोंड उघडून दात बघतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला, आणि इथं साडेपाच लाख मोजताना मी गुडघ्यावर बसून चार आकडे वाचले नाहीत. १९५/५५ आर१६ मापाचे चार टायर, अलाइनमेंट धरून ३० हजार. नाव बदलणं, विमा, नवी नंबर प्लेट यांचे १९,४००. विम्यात थर्ड पार्टीचे तेव्हा ३,४१६ ठरलेले, बाकी गाडीच्या किमतीवर. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टच्या झिजेची कपात न करणारा विमा, मला कुणी दिला नाही. एकूण ९२,५००. साठ हजारांची थैली महिन्यातच उलटी झाली होती.

इथं एक गोष्ट माझ्या टाळक्यात उशिरा शिरली. गाडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिचे पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाहीत. ते दहा लाखांच्या गाडीचेच राहतात, उलट वर्षागणिक चढतात. त्यात फियाटनं २०१९ च्या सुमारास इथं गाड्या विकणं थांबवलं. डिझेल पुंटोचे पार्ट स्विफ्टच्या पुण्याईवर मिळून जातात, अबार्थचे खास पार्ट शोधावे लागतात. एक इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो आधार, मला सतरा दिवसांनी मिळालं. त्या सतरा दिवसांत मी दुकानाच्या छोट्या हत्तीतून सासुरवाडीला गेलो.

पहिल्या वर्षात आणखी काय निघालं? पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड, वरची माउंटिंग मिळून २७,६००. यात गाडीचा दोष मी धरत नाही. जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर, आणि आमच्याकडं प्रत्येक गावाला येताना एक, जाताना एक आणि सरपंचाच्या घरासमोर एक असा स्पीडब्रेकर. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. खालून घासल्याचा आवाज आला की माझ्या पोटात कळ येते. पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड १८,९००, ते इंजिन माउंटिंग ७,३००. वर ते पुण्याचे ९ हजार. वर्षाचा आकडा १ लाख ५५ हजार ३००. दुसऱ्या वर्षी क्लच गेला, ३४ हजार. बाकी नेहमीच्या सर्व्हिसिंगचं धरून ते वर्ष ७१ हजारांत बसलं. त्यानंतरच्या पाच महिन्यांत १८ हजार, त्यात इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या. २०१६ ची गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून अण्णांनी आधीच उरकून घेतलं.

सगळे मिळून २ लाख ४४ हजार ३००. गाडी चालली २३ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेदहा रुपयांच्या वर नुसती देखभाल. अ‍ॅव्हरेज मला साडेदहाचं मिळतं, म्हणजे पेट्रोलही किलोमीटरला दहाच्या आसपास. जेवढं पिते तेवढंच खाते. बैल बाजारातून आणणं सोपं असतं, सरकी पेंडीचा खर्च नंतर कळतो, हे मी रोज गिऱ्हाइकांकडून ऐकतो. पण ऐकणं वेगळं.

आता मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. बँकेत एक वेगळं खातं काढलंय, दर महिन्याला साडेआठ हजार तिकडं जातात. गाडी धड असो की बिघडलेली, पैसे जातातच. त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोकडं आहे. पुन्हा अशी गाडी घेतली तर किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी आधी बाजूला काढीन आणि उरलेल्या पैशात गाडी शोधीन. आठ लाख असतील तर सहाची बघायची, आठची नाही. आणि सौद्याआधी त्या पुण्याच्या कारागिराला दोन-तीन हजार देऊन गाडी दाखवीन. विकणारा "सर्व्हिस हिस्टरी फुल आहे" म्हणाला तर बिलं मागीन, आणि बिलात 'टायमिंग बेल्ट' हे शब्द बोटानं शोधीन. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखी पांढुरकी साय असेल, म्हणजे ऑइलात पाणी मिसळल्याची खूण, तर तिथूनच घरी.

डिक्कीत माझ्या एक पेटी असते: फ्यूज, एक जास्तीचा कॉइल, कूलंटचा डबा, नळीच्या क्लिपा, पाना-पक्कड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं.

एवढं वाचून वाटेल की माणूस पस्तावलाय. नाही हो. कल्याण-निर्मल रस्त्यानं पहाटे साडेपाचला पाथरी सोडली की माजलगावच्या बाजूला रस्ता मोकळा मिळतो. उसाचे ट्रॅक्टर नसतील तर. दुसऱ्या गिअरमध्ये काटा अडीच हजारांच्या पुढं गेला की टर्बो जागा होतो, आधी बारीक शिट्टी, मग पाठीला सीट चिकटते. स्टीअरिंग आजकालच्या गाड्यांसारखं मऊ नाही, जड आहे, हायड्रॉलिक. रस्त्यावरची खडी बोटांना कळते. वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहते. एसी मे महिन्यातही थंडगार. मागची सीट दोन मुलांपुरती, तीन माणसं कोंबली की कुरकुर सुरू. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवतो, टर्बोतलं ऑइल फिरत राहावं म्हणून. त्या मिनिटात दुकानासमोरचे लोक मला विचारतात, "मालक, बिघडली का?"

साडेतीन तारे देतो. गाडीला साडेचार दिले असते. एक कापला पार्टसाठी ताटकळत ठेवल्याबद्दल. माझ्या अकलेचे वेगळे कापा. घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. दुसरी एक रोजची, बिनडोक, न बिघडणारी गाडी दारात हवीच.

मागच्या महिन्यात सेलूचा एक पोरगा बघायला आला. मी विकायचं ठरवलं नव्हतं, पण कुणी विचारलं की नाही म्हणवत नाही. सव्वाचार लाख म्हणाला. अण्णांनी आतून बिलांची फाइल आणली, खाटेवर उघडून ठेवली, पट्ट्याचं बिल वर काढलं, चष्मा लावला. पोरानं फाइलीकडं बघितलं नाही. गाडीत बसून स्टीअरिंग फिरवलं, सेल्फी काढली आणि विचारलं, "काका, ह्यात म्युझिक सिस्टीम कोणती बसवलीय?"

अण्णांनी फाइल मिटली, दोरी बांधली आणि मला म्हणाले, "चहा सांग त्याला. गाडी नको देऊ."